अरुंद घळीत समोर जनावर आले तर

दिवाळी उलटली, ओढ्यांचे पाणी ओसरले की सांदणच्या वाटेवर वर्दळ सुरू होते. अकोले तालुक्यातल्या साम्रद गावाशेजारी सह्याद्रीच्या कातळाला पडलेली ही भेग. दोन्ही अंगांना दोनशे फुटांच्या वर उभ्या भिंती, तळाला दगडधोंड्यांचा खच, मध्ये गार पाण्याचे डोह. काही ठिकाणी घळ इतकी चिंचोळी होते की समोरून माणूस आला तर एकाला अंग चोरून कातळाला चिकटावे लागते.

आणि समोरून बिबट्या आला तर?

पहिल्यांदा सांदण, नाणेघाटाची नाळ किंवा कोकणकड्याखालच्या घळी धुंडाळायला निघालेले लोक हा प्रश्न हमखास विचारतात. उत्तरेही पैशाला पासरी मिळतात. कुणी सांगतो, डोक्याला पाय लावून पळा. कुणी सांगतो, मेल्याचे सोंग घ्या. साप दिसला तर ठेचा, चावला तर वर फडके आवळा, मधमाश्या उठल्या तर डोहात उडी घ्या. हे सगळे सल्ले चुकीचे आहेत, आणि घळीत तर जिवावर बेतणारे आहेत.

मोकळ्या रानात माणसाला आणि जनावराला एकमेकांना बगल द्यायला जागा असते. घळीला मात्र दोनच दारे असतात, आणि तुम्ही आत शिरलात की त्यातले एक तुम्ही अडवलेले असते. घाबरलेल्या जनावराला बाहेर पडायला तुमच्या अंगावरून जाण्यावाचून मार्ग उरला नाही, की ते तसेच जाते. म्हणून पुढे जे जे सांगितले आहे त्याचा रोख एकच आहे: जनावराला निघून जायला वाट मोकळी करा.

ही जागा कुणाची आहे, ते आधी समजून घ्या

सांदण कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येते. १९८६ साली घोषित झालेले हे अभयारण्य सुमारे ३६१ चौरस किलोमीटरचे आहे. राज्यप्राणी शेकरू इथे आहे, बिबट्या, तरस, रानडुक्कर, भेकर, वानर आहेत. मार्च-एप्रिलमध्ये वरची झरे-टाकी आटतात तेव्हा घळीच्या सावलीतले डोह हेच अनेकांचे पाणी असते. तुम्ही दुपारी ज्या डोहात मांडीभर पाण्यातून सॅक डोक्यावर घेऊन जाता, तिथे रात्री दुसरे कुणी तरी पाण्याला येऊन गेलेले असते.

अकोले तालुक्यातल्या बिबट्यांचा अभ्यास जगभर उद्धृत होतो. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात इथल्या शेतीच्या पट्ट्यात दर शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे आणि जवळपास तितकीच तरसे आढळली. त्याच पट्ट्यात माणसांची वस्ती चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त. म्हणजे बिबट्या इथे माणसाच्या शेजारीच नांदतो, आणि बहुतेक वेळा माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही.

'आजोबा' नावाच्या बिबट्याची गोष्ट यासाठी लक्षात ठेवावी. २००९ साली टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडलेल्या या नराला बाहेर काढून, गळ्यात रेडिओ कॉलर घालून माळशेज घाटात सोडले गेले. तो घाट उतरला, महामार्ग आणि रेल्वेचे रूळ ओलांडत सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोहोचला. वाटेत त्याने एकाही माणसाला ओरखडा काढला नाही. पुढे २०११ मध्ये महामार्गावर वाहनाच्या धडकेने तोच मेला. त्याच्यावर २०१४ साली मराठी चित्रपटही आला.

डोंगरातल्या महादेव कोळी, ठाकर वाड्या-पाड्यांवर दिवाळीच्या तोंडावर वाघबारस पाळतात, वाघोबाला नैवेद्य दाखवतात. गुराखी रोज ज्या वाटेने जातो तीच वाट जनावराचीही आहे हे या माणसांनी कधीच मान्य केलेले आहे. वाटाड्या बरोबर घ्यायचा तो रस्ता चुकू नये म्हणून, आणि ही समज बरोबर असावी म्हणूनही.

निघण्यापूर्वी

- अभयारण्याच्या नाक्यावर शुल्क भरा, पावती घ्या आणि परत घरी येईपर्यंत जपून ठेवा. तिचा उपयोग लेखाच्या शेवटी कळेल.
- जून ते सप्टेंबर घळीत उतरू नका. पावसाळ्यात इथे पाण्याचा लोंढा कोणत्याही जनावरापेक्षा जास्त घातक असतो.
- उजाडल्यावर आत शिरा आणि ऊन कलायच्या आत बाहेर पडण्याच्या बेताने चाला. घळीच्या तळाशी ऊन फार थोडा वेळ पोहोचते आणि संध्याकाळ तासभर आधीच होते.
- गटात चार-पाच जण तरी असावेत. पुढे वाटाड्या, मुले मध्ये, सर्वांत शेवटी अनुभवी माणूस.
- घोट्याच्या वर येणारे बूट, लांब पँट, लांब बाह्यांचा शर्ट. उग्र अत्तर किंवा डिओ नको.
- प्रत्येकाच्या सॅकमध्ये एक पातळ चादर किंवा प्लास्टिकचा मोठा कागद. वजन नगण्य, आणि मधमाश्या उठल्या तर यानेच जीव वाचतो.
- शिट्टी, हेडटॉर्च, दोन क्रेप बँडेज, साबणाची वडी, ओआरएस.
- मोबाइलमध्ये १०८ (रुग्णवाहिका), ११२ (आपत्कालीन मदत) आणि १९२६ (वनविभागाची हेल्पलाइन) हे क्रमांक असू द्या. महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर या गिर्यारोहकांच्या बचाव यंत्रणेचा क्रमांकही निघण्याआधी मिळवून ठेवा.

घळीच्या तळाशी नेटवर्क नसते, म्हणून शेवटची तयारी फोनवाचूनची. साम्रदमधल्या एका घरी तुमची नावे, किती जण, आणि 'अमुक वाजेपर्यंत आलो नाही तर शोध घ्या' एवढे सांगून जा.

दोर ओढून घेण्याआधी थांबा

सांदणचा वरचा भाग चालत जाऊन चालत परत येण्याजोगा आहे. पुढे दोर लावून उतरायचे टप्पे लागतात, आणि दरी कोकणात डेहण्याच्या बाजूला उघडते. शेवटचा माणूस उतरला आणि दोर खाली ओढून घेतला, की मागचे दार बंद झाले. मग काहीही होवो, खालीच जावे लागते.

हा क्षण बहुतेक गट बोलता बोलता, फोटो काढता काढता घालवतात. तिथे पाच मिनिटे बसा आणि ठरवा: आता कुणाला साप चावला तर आपण कुठे जाणार? दोर ओढण्यापूर्वी उत्तर असते मागे साम्रदला, तिथून गाडीने राजूर-अकोल्याकडे. दोर ओढल्यावर उत्तर असते खाली, काही तासांची दगडांतली चाल, मग डेहणे आणि शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय. कुणी थकलेले असेल, उजेड कमी असेल किंवा वाटेत ताजे ठसे दिसले असतील तर इथूनच मागे फिरा.

बिबट्या: दिसण्याआधी आणि दिसल्यावर

बहुतेक वेळा तो स्वतः दिसत नाही, त्याच्या खुणा दिसतात. डोहाच्या काठच्या ओल्या चिखलात तळहातात मावेल एवढा गोलसर ठसा, पुढे चार बोटे, मागच्या गादीला खालून तीन फुगवटे, आणि नखांच्या खुणा नाहीत. कुत्र्याच्या ठशात नखे उमटतात, बिबट्या चालताना ती आत ओढून घेतो. ठशात पाणी अजून झिरपत असेल, कडा कोसळलेल्या नसतील, तर तो ताजा आहे. याशिवाय वानरांचे एकाएकी 'खॉक, खॉक' सुरू होणे, भेकराचे कुत्र्यासारखे भुंकणे, हे रानाने दिलेले इशारे आहेत. असे आवाज आले की सगळ्यांनी एकत्र व्हा आणि नेहमीच्या आवाजात बोलत राहा. माणसे येत आहेत हे कळले की तो बहुधा आपणहून निघून जातो. वळणावर अचानक गाठ पडणे दोघांसाठीही वाईट.

आणि गाठ पडलीच तर:

१. आहात तिथे थांबा. पळू नका. पाठ फिरवून पळणारी गोष्ट दिसली की पाठलाग करणे ही मांजरकुळाची उपजत सवय आहे.

२. खाली बसू नका, वाकू नका, आडवे पडू नका. उभा माणूस बिबट्याला भक्ष्य वाटत नाही. बसलेला किंवा ओणवा माणूस वाटू शकतो. लहान मूल बरोबर असेल तर पहिल्याच क्षणी त्याला उचलून घ्या.

३. सगळे जण एकमेकांना चिकटून उभे राहा. सॅक किंवा काठी डोक्यावर धरा. आवाज ठाम ठेवा, किंचाळू नका.

४. त्याच्याकडे तोंड ठेवून, आलात त्या दिशेने एकेक पाऊल मागे घ्या. घळ जिथे रुंद होते किंवा बाजूला कपार आहे तिथपर्यंत जा आणि एका अंगाला सरून त्याला वाट मोकळी करा. दगड मारून त्याला समोरच्या बंद टोकाकडे हुसकावू नका.

५. दोन गट दोन बाजूंना असतील तर एकाने मागे हटायचे हे ओरडून सांगा. जनावर मधोमध कोंडले जाणे यासारखा धोका दुसरा नाही.

६. तरीही तो अंगावर आलाच तर निमूट पडून राहू नका. मान आणि गळा झाका, काठीने, दगडाने, सॅकने प्रतिकार करा. बाकीच्यांनी मिळून पुढे यावे.

हे कागदावर सोपे वाटते, प्रत्यक्षात बोबडी वळते. तरी ते जमते याचा एक पुरावा जगाने पाहिलेला आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या स्लेट कॅन्यनमध्ये धावायला गेलेल्या एका तरुणाला वाटेवर पिल्ले दिसली. ती कशाची हे नीट न ओळखता तो मोबाइलवर चित्रण करत राहिला. ती प्यूमाची पिल्ले होती. आई पुढे आली आणि सुमारे सहा मिनिटे, अधूनमधून झेप घेण्याचा आव आणत, त्याच्यामागे चालत राहिली. त्याने पाठ दाखवली नाही. मोठ्याने बोलत, उलट्या पावलांनी तो मागे सरकत राहिला. शेवटी त्याने दगड भिरकावला तेव्हा ती वळली आणि पिल्लांकडे धावत गेली. प्यूमा आणि बिबट्या वेगळे, पण आईचा हेतू दोन्हीकडे एकच असतो: या माणसाला पिल्लांपासून दूर न्यायचे.

म्हणून पिल्ले दिसली, तर ती कितीही गोंडस आणि एकटी दिसोत, मोबाइल खिशात ठेवा आणि मागे फिरा. उचलून गावात आणणे तर मुळीच नको. आई जवळच असते. जुन्नर-अकोल्याच्या उसात सापडलेल्या बछड्यांना वनविभाग आणि माणिकडोहच्या निवारा केंद्रातले लोक पुन्हा त्याच जागी ठेवून आईची वाट पाहतात ते यासाठीच.

गावची कुत्री बरोबर नेऊ नका

हा मुद्दा बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. साम्रदहून निघालात की एखाद-दुसरे कुत्रे शेपूट हलवत मागे येते. बिस्किटे मिळतात म्हणून येते, आणि लोकांना ते राखणदार वाटते. पण अकोल्यातल्याच अभ्यासात बिबट्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने सर्वांत मोठा वाटा, सुमारे ३९ टक्के, कुत्र्यांचा निघाला. कुत्रे बरोबर असणे म्हणजे बिबट्याला आमंत्रण देणे. शिवाय ते घाबरले की धावत तुमच्याच पायांत येते आणि मागोमाग जनावरही. निघतानाच कुणा गावकऱ्याला त्याला धरून ठेवायला सांगा आणि वाटेत खायला घालू नका.

साप: डोळ्यांनी चाला, हातांनी नको

घळीत साप बहुधा तीन ठिकाणी असतो: उन्हाने तापलेल्या दगडावर, दगडाखालच्या गारव्यात आणि डोहाकाठच्या झुडपात. धोंड्यांवरून चढता-उतरताना आपण न बघता वरच्या खाचेत बोटे घालतो. दंश तिथे होतो. आधी पाहा, काठीने ठोका, मग हात घाला. पाय दगडावरून पलीकडे टाकू नका. दगडावर ठेवा, पलीकडे पाहा, मग उतरा.

डोहात पोहताना दिसणारा साप बहुतेकदा बिनविषारी पाणदिवड असतो. हिरवा, चाबकासारखा बारीक, टोकदार तोंडाचा असेल तर हरणटोळ. हिरवाच पण जाडसर, तिकोनी डोक्याचा, फांदीवर वेटोळे घालून निश्चल बसलेला असेल तर चापडा, आणि तो विषारी. घोणस कुकरच्या शिट्टीसारखी फुसकारते. फुरसे वीतभर-हातभर लांबीचे, पण खवले एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज काढते. आवाज आला की पाय जागीच रोवा, साप कुठे आहे ते पाहा, आणि दोन-तीन मीटर मागे सरा. सापाला मारायला गेलेल्याला साप चावतो, असा गावोगावचा अनुभव आहे.

चावलाच, किंवा जुनी माणसे म्हणतात तसे 'पान लागले', तर:

- त्या माणसाला बसवा, धीर द्या. अंगठी, घड्याळ, कडे, घट्ट बूट काढा. सूज चढली की ती काढता येत नाहीत.
- चावलेला हात किंवा पाय काठीला बांधून हाड मोडल्यावर बांधतात तसा स्थिर करा. बँडेज बोट आत जाईल इतके सैल असावे.
- दोरी किंवा फडके आवळू नका, ब्लेड मारू नका, चोखू नका, बर्फ किंवा झाडपाला लावू नका. मांत्रिकाकडे एक तास घालवलात तर तो तास परत मिळत नाही.
- दंशाची वेळ लिहून ठेवा. सुरक्षित अंतरावरून फोटो मिळाला तर घ्या, पण सापामागे जाऊ नका.
- उचलून न्या. काठ्या आणि शर्ट यांची डोली करता येते. डोली जाणारच नाही अशा जागी, हातावर हात धरून मदतीची वाट पाहण्यापेक्षा आधार देत सावकाश चालवणे बरे.

आपल्याकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारांवर चालते. चापड्याच्या विषावर ते उपयोगाचे नाही; त्याच्या दंशाने सूज आणि वेदना खूप होतात, मृत्यू क्वचित. म्हणूनच डॉक्टरांना सापाचे वर्णन सांगणे महत्त्वाचे. मण्यारीचा दंश मात्र फसवा असतो: रात्री झोपेत, फारशी वेदना नाही, जखमही दिसेलच असे नाही. तंबूत झोपलेल्याला पहाटे पोटात दुखू लागले, पापण्या जड होऊन मिटू लागल्या, बोलणे अडखळू लागले तर अपचन समजून वेळ घालवू नका.

विंचू

घळीच्या तोंडाशी किंवा खालच्या टप्प्यावर मुक्काम करत असाल तर विंचवाचा विचार करावाच लागतो. सकाळी बूट झटकल्याशिवाय पाय घालू नका. अतिनील किरणांची छोटी टॉर्च मिळते. तिच्या प्रकाशात विंचू हिरवट चमकतो, त्यामुळे तंबू लावण्याआधी जागा तपासता येते.

नुसती जागेवर आग होत असेल तर धोका कमी. दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणे, छातीत धडधड, ही लाल विंचवाची लक्षणे आहेत आणि ती हृदयावर जातात. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी कोकणातल्या रुग्णांवर उपचार करता करता या विषाचा अभ्यास केला, १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये तो मांडला, आणि पुढे प्राझोसिन या साध्या औषधाने मृत्यूंचे प्रमाण खूप खाली आणले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हे औषध ग्रामीण रुग्णालयांतल्या डॉक्टरांना परिचित आहे. तुम्ही फक्त उशीर करू नका.

आग्यामाश्या: सर्वांत कमी भीती, सर्वांत मोठा धोका

ट्रेकर बिबट्याच्या नावाने घाबरतात आणि डोक्यावरच्या पोळ्याखाली बसून डबा खातात. खरे तर सह्याद्रीच्या कड्यांवर जपायला हवे ते आग्या मोहोळाला. शिवनेरीसारख्या गजबजलेल्या गडावरही माश्या उठून पर्यटक जखमी झाले आहेत. घळीत पळायला जागा कमी, दगड निसरडे आणि भिंतींमध्ये कोंडलेला आवाज.

आग्याचे पोळे कातळाच्या पुढे आलेल्या छताखाली उघडेच लोंबते, कधी हातभर, कधी त्याहून मोठे. लांबून ते काळपट डाग वाटते. माश्या चाळवल्या की पोळ्यावरून एक लाट सरसरत जाते, वाऱ्याने गवत हलावे तशी. ती लाट म्हणजे इशारा. दिसली की बोलणे थांबवा आणि आल्या पावली मागे फिरा.

त्या उठतात कशाने? धूर, शेकोटी, सिगारेट. दगड मारणे. उग्र वास. पोळ्याजवळून जाणारा ड्रोन. कातळात दणदणणारा स्पीकर. यातली एकही गोष्ट ट्रेकसाठी आवश्यक नाही. ब्लूटूथ स्पीकर घरी ठेवून या, आणि अभयारण्यात परवानगीशिवाय ड्रोन उडवू नका.

माश्या उठल्याच तर काय करायचे हे तुम्ही कुठे आहात त्यावर ठरते. पायाखाली सपाट वाट असेल तर डोके-चेहरा झाकून, तोंड मिटून, जितके दूर जाता येईल तितके दूर जा. शंभर मीटरवर थांबू नका. धोंड्यांचा पसारा असेल, कड्याची कड असेल तर पळणे घातक. खाली पडून मोडलेल्या पायावर पुन्हा माश्या बसतात. तिथे जागीच खाली बसा, चादर किंवा प्लास्टिक अंगावर ओढून कडा पायांखाली दाबा आणि हालचाल न करता थांबा. पंधरा मिनिटे, अर्धा तास, लागेल तितके. डोहात उडी मारू नका. श्वास घ्यायला डोके वर काढावेच लागते आणि माश्या वर घिरट्या घालत असतात.

हाताने मारू नका. डंखाबरोबर पिकलेल्या केळ्यासारखा एक वास सुटतो आणि तो बाकीच्यांना तुमच्याकडे बोलावतो. एक चिरडली की दहा येतात.

सर्वांत अवघड स्थिती दोरावर लटकलेल्याची. त्याचे हात दोरावर, तोंड उघडे. म्हणून उतरण्याआधी वाटाड्याने वरच्या-खालच्या कातळावर पोळे नाही ना हे दुर्बिणीने पाहणे, आणि उतरणाऱ्याने पूर्ण बाह्या व डोक्याला जाळी वापरणे हा नियम करा. पोळे असेल तर त्या दिवशी तो टप्पा रद्द.

सुरक्षित जागी पोहोचल्यावर डंख नखाने खरवडून लगेच काढा. ओठ-जीभ सुजणे, घसा आवळल्यासारखा वाटणे, दम लागणे, अंगभर गांधी, चक्कर, यांपैकी काहीही दिसले तर तो तातडीचा प्रसंग आहे. रुग्णाला आडवे करून पाय उंच ठेवा (दम लागत असेल तर टेकून बसवा) आणि ताबडतोब न्या. पूर्वी कधी डंखाने अशी प्रतिक्रिया आली असेल, तर डॉक्टरांना विचारून अ‍ॅड्रेनलिन जवळ बाळगल्याशिवाय घळीत उतरू नका. आणि खूप डंख झाले असतील तर बरे वाटले तरी दवाखान्यात जा. विषाचा ताण मूत्रपिंडावर एक-दोन दिवसांनी दिसू शकतो.

माकडे, रानडुक्कर आणि बाकीचे

माकडाला अन्न दाखवू नका, हातात पिशवी लोंबती ठेवू नका, दात दाखवून हसू नका. दात दिसणे ही त्याच्या भाषेत धमकी. ओरबाडले किंवा चावले तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा. ओरखडा छोटा आहे म्हणून सोडू नका. त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या सगळ्या तारखा पाळा. जखम खोल असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही लागते, ते आहे का हे फोन करून विचारा.

रानडुक्कर पिल्लांसह असेल तर सरळ रेषेत अंगावर येते. बाजूच्या उंच धोंड्यावर चढा, ते वर येत नाही. दक्षिणेला राधानगरी-आंबोलीच्या बाजूला गव्याशी गाठ पडू शकते. त्याने मान खाली घालून फुसकारा टाकला की फोटोचा विचार सोडा आणि मोठ्या झाडाआड व्हा.

तुमचे हक्क आणि कायद्याची चौकट

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे 'शिकार' म्हणजे केवळ बंदूक चालवणे नव्हे. जनावराला पकडणे, इजा करणे, हाकणे, आमिष दाखवणे, घरटे-अंडी उद्ध्वस्त करणे हेही त्यात येते. बिबट्याचे पिल्लू उचलणे, व्हिडिओसाठी साप पकडणे किंवा आमिष टाकून फोटो काढणे, यांवर गुन्हा दाखल होऊ शकतो.

जीव वाचवताना मात्र कायदा तुमच्या बाजूने आहे. कलम ११ नुसार स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या बचावासाठी प्रामाणिक हेतूने जनावराला जखमी केले किंवा मारले तरी तो गुन्हा ठरत नाही. पण अट आहे: त्या वेळी तुम्ही स्वतः या कायद्याचा भंग करत नसावेत. परवानगीशिवाय अभयारण्यात शिरलेल्याचे हे संरक्षण डळमळते.

जखमीच्या बाबतीत एवढे लक्षात ठेवा:

- सर्पदंशावरचे प्रतिविष सरकारी रुग्णालयात मोफत मिळते.
- परमानंद कटारा खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९८९ च्या निकालानुसार जखमीचा जीव वाचवण्याचे उपचार आधी, पोलिसी सोपस्कार नंतर. 'आधी पोलिसांत जा' असे कुणी म्हणाले तर या निकालाचे नाव घ्या.
- बिबट्या, अस्वल, रानडुक्कर, तरस, गवा अशा प्राण्यांच्या हल्ल्यात मृत्यू झाल्यास वनविभाग वारसांना २५ लाख रुपये देतो. अपंगत्व किंवा जखमेसाठी वेगळी मदत आहे. सर्पदंश या यादीत नाही, त्यामुळे स्वतःचा अपघात विमा सर्पदंश धरतो का हे निघण्याआधी पाहून घ्या.
- मदत हवी असेल तर त्याच दिवशी वनरक्षक, पोलीस पाटील किंवा १९२६ वर खबर द्या. पंचनामा जागेवर होतो, आणि जागेवरचे रक्त, केस, ठसे दुसऱ्या दिवशी राहत नाहीत. शक्य झाल्यास एक माणूस तिथे थांबवा, जागेचे फोटो काढा.
- सरकारी रुग्णालयातल्या नोंदीत जनावराचे नाव आणि हल्ल्याची वेळ स्पष्ट लिहून घ्या. 'प्राण्याने चावा घेतला' एवढीच नोंद पुढे अडचण करते.

काही न घडता फक्त जनावर दिसले, तरी परतताना साम्रदमध्ये आणि नाक्यावर सांगून जा: कुठल्या डोहाजवळ, किती वाजता, कोणत्या दिशेला गेले, पिल्ले होती का. उद्या पहाटे त्याच वाटेने जाणाऱ्या गुराख्याला आणि पुढच्या गटाच्या वाटाड्याला ते कळायला हवे. कुणाला ओरखडा जरी आला असेल तर नाक्यावरची शुल्काची पावती आणि दवाखान्याचा केसपेपर एकाच पिशवीत ठेवा. भरपाईच्या अर्जाबरोबर तुम्ही रीतसर आत गेला होतात हे ती पावतीच सांगते.